कारखान्याचे दार उघडा, पण गल्ला आपल्याच हाती ठेवा

सांस्कृतिक महोत्सव आता महाराष्ट्राला नवे राहिलेले नाहीत. वेरूळ-अजिंठा महोत्सव आहे, मुंबईत १९९९ साली सुरू झालेला काळा घोडा कला महोत्सव आहे, पुण्यात १९५३ पासूनचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव आहे. याशिवाय गावोगावचे उरूस, जत्रा आणि नवरात्रातील गाण्याच्या मैफली आहेतच. या सर्व ठिकाणी माणसे येतात, राहतात, खातात, फिरतात आणि खरेदी करतात. हॉटेलवाला चार पैसे मिळवतो, रिक्षावाला मिळवतो, मंडपवाला मिळवतो. त्यांनी मिळवलेच पाहिजेत, याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु ज्याच्या हुनराचे चित्र महोत्सवाच्या पत्रिकेवर छापलेले असते, त्या कारागिराच्या घरी या गर्दीतून काय येते, हा प्रश्न आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांनी एकदा शांतपणे स्वतःला विचारला पाहिजे.

आमचे मत आम्ही सुरुवातीलाच सांगून टाकतो. कारागिराने आपला कारखाना पाहुण्यांसाठी खुला करावा. मात्र तो स्वतःच्या अटीवर, ठरलेल्या वेळी आणि ठरलेले शुल्क घेऊन खुला करावा, आणि विक्रीचा गल्ला दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये. हे ज्यांनी केले त्यांचे हुनर टिकले. ज्यांनी दार उघडे टाकले पण गल्ला सोडून दिला, त्यांचा माग केवळ शोभेपुरता उरला. दोन्ही प्रकारची उदाहरणे आपल्यासमोर आहेत.

मिरजेची सतार

आपल्या राज्यातील सर्वांत बोलके उदाहरण मिरजेचे आहे. मिरजेत तंतुवाद्ये तयार करण्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झाला. फरीदसाहेब सतारमेकर हे या व्यवसायाचे आद्य पुरुष मानले जातात. ही घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, भाले यांना धार लावणे आणि हत्यारे घडवणे हा त्यांचा धंदा. संस्थानी फौजा गेल्या, इंग्रजी अंमल स्थिर झाला आणि हत्यारांची मागणी ओसरली. अशा वेळी हातावर हात ठेवून बसण्याऐवजी या मंडळींनी तंबोऱ्याच्या दुरुस्तीला हात घातला आणि त्यातून पुढे नवी वाद्ये घडवू लागली. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. ज्या हातांनी पोलाद घासले त्याच हातांनी घोडीवर जवारी काढली. धंदा बुडाला म्हणून हुनर बुडत नाही, त्याला नवे गिऱ्हाईक शोधावे लागते, हा या इतिहासाचा धडा आहे.

ही वाद्ये कशी बनतात, हे आपल्याच वाचकांपैकी अनेकांना माहीत नसेल. पंढरपूर-मंगळवेढा भागात भीमेच्या काठी पिकणारा मोठा कडू भोपळा आणून वाळवतात. तो कापून, भिजवून, आकाराला आणून त्यावर तबली बसवतात. तुणाच्या लाकडाची दांडी कोरून भोपळ्याला जोडतात. मग खुंट्या, नक्षीकाम, पॉलिश, सतारीला पडदे आणि तरफेच्या तारा. सर्वांत शेवटी जवारी. घोडीचा माथा कानसेने अगदी थोडा थोडा घासत, तार छेडत, कान देत उस्ताद तो अशा ठिकाणी आणतो की तार नुसती वाजत नाही, गुंजू लागते. याला मोजपट्टी नाही. हा हाताचा आणि कानाचा हिशेब आहे. बापाशेजारी वर्षानुवर्षे बसल्याशिवाय तो येत नाही.

गाण्याचे गाव, गिऱ्हाईकांचे गाव

मिरजेला दुसरी एक देणगी आहे. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे राहिले. १९३७ साली त्यांचा इंतकाल झाला तेव्हा त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते आणि दूरदूरचे गवई-वादक तेथे हजेरी लावतात. याच उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाचा मान आहे. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. म्हणजे एकाच गावात वर्षातून दोनदा, दर्ग्यात आणि देवळात, गाणे जाणणारा श्रोता स्वतःच्या पायाने चालत येतो. शिवाय मिरज हे रेल्वेचे जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी या सर्व बाजूंनी येणे सोपे.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने याकडे पाहा. संगीतसभा बहुधा रात्रीची असते. श्रोत्याचा दिवस मोकळा असतो. तो चहा पितो, गावात फिरतो, आणि कारखान्यांची गल्ली त्याच्यापासून फार लांब नसते. जाणकार माणूस विचारत विचारत सतारमेकर गल्लीत येतोही. पण तो ओळखीने येतो, उस्ताद काम बाजूला ठेवून अर्धा तास त्याला सर्व दाखवतात, चहा पाजतात, आणि पाहुणा "फार छान" म्हणून निघून जातो. आपली मेहमाननवाजी आपल्याला शोभते. पण रोजच्या मजुरीतून गेलेल्या त्या अर्ध्या तासाची नोंद कोणत्या वहीत होते?

या अर्ध्या तासाला आज मोल का आहे, हेही समजून घेतले पाहिजे. विद्यार्थ्याच्या घरात पूर्वी तंबोरा हवाच असे. मग इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आणि आता तो मोबाईलमध्ये आला. नव्याने शिकणाऱ्या मुलाला वाटते, खिशात तंबोरा असताना खोलीभर जागा अडवणारे वाद्य कशाला हवे? त्याला जाहिरात देऊन हे पटवता येणार नाही. पण तोच मुलगा कारखान्यात उस्तादांशेजारी बसला, जवारी काढण्याच्या आधीची तार आणि नंतरची तार लागोपाठ ऐकली, तर त्याला जे कळेल ते कोणत्याही भाषणाने कळणार नाही. कारखाना हीच तुमची जाहिरात आहे आणि कारखाना हीच तुमची पेढी आहे. म्हणून कारखाना दाखवणे ही मेहरबानी न समजता धंद्याचा भाग समजला पाहिजे.

कच्छच्या बांधवांनी काय केले

हे आम्ही हवेत बोलत नाही. गुजरातमधील कच्छमध्ये मुस्लिम खत्री समाजाने हे करून दाखवले आहे. भुजजवळच्या निरोणा या गावी रोगन कला आहे. एरंडेल तेल उकळून उकळून घट्ट करायचे, त्यात रंग मिसळायचे, आणि तो चिकट रंग सळईच्या टोकाने हवेतल्या हवेत खेचत कापडावर नक्षी काढायची. कापडाची घडी घातली की निम्म्या नक्षीचा ठसा दुसऱ्या बाजूला उमटतो. पूर्वी या कापडाचे घागरे-ओढण्या पशुपालक जमातींतील लग्नाच्या मुलींसाठी घेतल्या जात. गिरणीचे स्वस्त छापील कापड आले आणि ते गिऱ्हाईक गेले. या घराण्यातील अब्दुल गफूर खत्री हे तरुणपणी पोटासाठी अहमदाबाद-मुंबईकडे आले होते. पुढे ते गावी परतले आणि घरचे काम पुन्हा हाती घेतले. २०१४ साली पंतप्रधानांनी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना या घराण्याचे रोगनकाम भेट दिले आणि २०१९ साली अब्दुल गफूर खत्री यांना पद्मश्री मिळाली.

हा मान मोठा आहे, पण व्यापाऱ्याने पाहायची गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या रणात हिवाळ्यात रणोत्सव भरतो. त्यासाठी भुजला उतरलेला प्रवासी वाट थोडी वाकडी करून निरोण्याला येतो, थेट खत्रींच्या घरी. तेथे घरचाच माणूस त्याला रंग खेचून दाखवतो, समजावून सांगतो, आणि विकायचा माल त्याच खोलीत मांडलेला असतो. लहान चौकटीतले चित्रही असते आणि महिनोन्महिने खपून केलेले मोठे कामही असते. जुने गिऱ्हाईक घागरा मागत होते, नवे गिऱ्हाईक भिंतीवर लावायला चित्र मागते. कला तीच, माल बदलला. आणि मधला दलाल नाही.

निरोण्यात लोहार बांधवांच्या तांब्याचा मुलामा दिलेल्या लोखंडी घंटा बनतात आणि लाकडावरचे लाखकामही होते. पाहुणा एकाकडे आला की दुसऱ्याकडेही जातो. एकाने दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडण्याऐवजी एकमेकांकडे पाठवले तर गाव बाजारपेठ होते. आपल्याकडे एका गल्लीतले दोन दुकानदार एकमेकांच्या मालाबद्दल काय बोलतात, हे आम्ही येथे लिहिण्याची गरज नाही.

दुसरे गाव अजरखपूर. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी दोन्ही बाजूंनी छापलेले, नीळ आणि मंजिष्ठ यांनी रंगवलेले कापड. हिरड्याचे पाणी, गंजलेले लोखंड व गुळाचा काळा रंग, पुनःपुन्हा धुणे, वाळवणे, अशा अनेक टप्प्यांतून ते जाते. या कामाला पाणी चांगले लागते. हे कारागीर मूळ धमडका गावचे. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाने घरे पाडली आणि पाण्याचीही अडचण झाली, तेव्हा बऱ्याच कुटुंबांनी भुजजवळ नवे गाव वसवले आणि त्याला आपल्या हुनराचेच नाव दिले. डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ साली इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. आज देशातले आणि परदेशातले विद्यार्थी, कापडाचे व्यापारी, प्रवासी या गावात येतात. काही कारखान्यांत पाहुण्याला स्वतः ठसा मारून पाहता येतो. २०१६ साली तेथे हस्तकलेचे एक मोठे संग्रहालयही उभे राहिले. भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या माणसांनी रडगाणे न गाता कारखान्याचे दार उघडले, त्याचे हे फळ आहे.

शोभेचा माग

आता दुसरी बाजू पाहू. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा आणि पाणचक्की पाहण्यासाठी जगभरातून माणसे येतात. महोत्सवही होतो. गिऱ्हाईक नाही, असे तेथे कोणी म्हणू शकणार नाही. आणि त्याच शहराचे हिमरू पाहा. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा घेऊन विणलेले, किनखापाशी नाते सांगणारे हे कापड. एकेकाळी शेरवानीचे कापड आणि शाली म्हणून त्याची शान होती. आज हातमागावर खरे हिमरू विणणारे हात बोटांवर मोजावेत इतके उरले आहेत.

प्रवासी असूनही असे का झाले? कारणे एकाहून अधिक आहेत. संस्थानी दरबार गेला, शेरवानी मागे पडली, रेशीम महाग झाले. पण पर्यटनाच्या शहरांत एक आणखी कारण असते, आणि त्याबद्दल उघड बोलले पाहिजे. दुकानाच्या दारात हातमाग मांडलेला असतो. त्यावर एक वृद्ध विणकर बसलेला असतो. प्रवासी त्याचे फोटो काढतो, भारावतो आणि आत जाऊन शाल घेतो. ती शाल मात्र कोठल्या तरी दूरच्या यंत्रमागावरून गठ्ठ्याने आलेली असते. विणकराला दिवसाची मजुरी मिळते, प्रवासी घेऊन येणाऱ्या गाडीवाल्याला व वाटाड्याला त्यांचे कमिशन मिळते, आणि हातमागाच्या नावावर यंत्रमागाचा माल विकला जातो. काही काळाने प्रवाशाला खोटेपणा कळतो. मग खऱ्या विणकराच्या शालीकडेही तो संशयानेच पाहतो. खोटे बोलून विकलेल्या मालात बरकत नसते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. येथे तर ती बरकत शेजाऱ्याचीही जाते.

दार निरोण्यातही उघडे आहे आणि या दुकानातही उघडेच आहे. फरक इतकाच की निरोण्यात दाखवणारा आणि विकणारा एकच माणूस आहे, या दुकानात दाखवणारा वेगळा आणि विकणारा वेगळा आहे. आमच्या मते सर्व भेद येथेच आहे.

कारागिरांच्या शंका

या विषयावर कारागिरांशी बोलताना काही शंका पुनःपुन्हा ऐकू येतात. त्या खोट्या नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिली शंका : धंद्याची गुपिते बाहेर जातील. आम्ही विचारतो, तासाभरात जवारी काढणे कोणी शिकले आहे काय? जे हुनर पाहून चोरता येते ते केव्हाच चोरले गेले आहे. जे उरले आहे ते हातात आहे, डोळ्यांत नाही. तरीही एखादी खास कृती, एखादे मिश्रण, एखादा नवा नमुना असेल तर तो आत ठेवा. दुकानदार सर्वच माल काचेत मांडत नाही. फोटो कशाचा काढायचा आणि कशाचा नाही, याची पाटी दारावर लावा.

दुसरी शंका : कामात खोळंबा होतो. होतोच, जर पाहुणा केव्हाही येत असेल. म्हणून वार आणि वेळ ठरवा. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी अकरा ते बारा. इतर वेळी फक्त गिऱ्हाईक आणि दुरुस्ती. दवाखान्याला वेळ असते, बँकेला वेळ असते, मग उस्तादांच्या वेळेलाच किंमत का नसावी?

तिसरी शंका : आमचा कारखाना घरातच आहे, घरात बायका-मुले असतात. ही अडचण खरी आहे. पुढची खोली किंवा पडवी पाहुण्यांसाठी वेगळी काढता आली तर उत्तम. ते शक्य नसेल तर तीन-चार कारागिरांनी मिळून गल्लीत एक गाळा घ्यावा आणि पाळीपाळीने तेथे बसावे. मात्र घरातल्या बायका जे काम करतात, त्याची मजुरी आणि नाव हिशेबात धरायला विसरू नका. अनेक हस्तकलांत निम्मे काम त्यांच्याच हातचे असते आणि वहीत त्यांचे नाव नसते.

चौथी शंका सर्वांत महत्त्वाची आहे, आणि ती वडीलधारी माणसे बोलून दाखवतात. "आम्ही उस्ताद माणसे. आम्ही काय तमाशा आहोत, लोकांनी तिकीट काढून बघायला?" या स्वाभिमानाचा आम्ही आदर करतो. पण विचार करा, मान कशात जातो? कोणीही केव्हाही यावे, फोटो काढावेत, कामात बोटे घालावीत आणि "बघूनच जातो" म्हणून निघून जावे, यात मान जातो. ठरलेल्या वेळी, शुल्क भरून, उस्तादांसमोर बसून माणूस समजून घेतो, त्यात मान वाढतो. मदरशात आणि शाळेत आपण शिक्षकाला पगार देतो, म्हणून त्याचा मान कमी होत नाही.

हिशेब मांडून पाहा

आता व्यापाराचे बोलू. समजा, माणशी २०० रुपये शुल्क ठेवले, दहा जणांची एक तुकडी घेतली आणि आठवड्यात तीनच तुकड्या घेतल्या. तीन तासांचे ६,००० रुपये झाले. चार आठवड्यांचे २४,००० रुपये. यातून चहापाणी, समजावून सांगणाऱ्या मुलाचा पगार, गाळ्याचे भाडे वजा करा. वर्षभर इतकी माणसे येणार नाहीत, पावसाळ्यात कमी येतील, हेही धरा. तरीही हंगामाच्या महिन्यांत एका शागीर्दाचा पगार यातून निघू शकतो. ज्या कारखान्यात शागीर्दाचा पगार निघतो, त्या कारखान्यातला मुलगा वाळवंटी देशात ड्रायव्हर म्हणून जाण्यापूर्वी एकदा तरी विचार करील. आमच्या दृष्टीने या संपूर्ण विषयातली खरी बाब हीच आहे. वाद्य विकले जाईल की नाही हा आजचा प्रश्न आहे. वाद्य करणारा उरेल की नाही हा दहा वर्षांनंतरचा प्रश्न आहे.

शुल्कापेक्षा मोठा फायदा विक्रीचा. पण येथेही थोडे डोके चालवावे लागेल. रेल्वेने आलेला माणूस सतार बगलेत घेऊन जाणार नाही. त्याच्यासाठी लहान माल ठेवा. लहान आकाराची तानपुरी ठेवा, तारांचे जोड ठेवा, मिजराब ठेवा, वाद्याची गवसणी ठेवा. मोठ्या वाद्याची मागणी तेथेच नोंदवून घ्या, आगाऊ रक्कम घ्या आणि लाकडी पेटीत बांधून पाठवण्याची सोय सांगा. प्रत्येक पाहुण्याचे नाव, पत्ता आणि फोन एका वहीत लिहून घ्या. आज पाहून गेलेला शिक्षक दोन वर्षांनी आपल्या वर्गासाठी चार तंबोरे मागवतो. पण त्यासाठी त्याच्याकडे तुमचे कार्ड आणि तुमच्याकडे त्याचा पत्ता हवा.

हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटीतून सूट आहे, ही गोष्टही गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी आहे. मात्र प्रात्यक्षिकाचे शुल्क हा वेगळा व्यवहार आहे. त्याची पावती वेगळी ठेवा आणि आपल्या हिशेबनिसाला विचारूनच पुढे जा.

नाव जपा

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची बातमी आहे, पण नुसते पेढे वाटून काम भागणार नाही. या मानांकनाचा कायदा १९९९ सालचा असून तो २००३ पासून अमलात आला. त्यात दोन पायऱ्या आहेत. मानांकन एखाद्या संस्थेच्या किंवा संघाच्या नावे नोंदले जाते. पण त्या नावाचा कायदेशीर वापर करायचा तर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करावी लागते. नोंदणीचे कार्यालय चेन्नईला आहे. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे तिचे नूतनीकरण करावे लागते. खोटे नाव लावून माल विकणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद या कायद्यात आहे. ज्याची नोंद नाही, त्याने तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी?

व्यवहारात असे घडते की मिरजेचा माल मोठ्या शहरातील दुकानात जातो, तेथे दुकानदाराची चिठ्ठी लागते आणि घडवणाऱ्याचे नाव कोणाला कळतही नाही. हे थांबवायचे असेल तर प्रत्येक वाद्यासोबत एक छापील कार्ड द्या. त्यावर वाद्याचा क्रमांक, तारीख, लाकूड कोणते, जवारी कोणी काढली, हे लिहा. हातमागाच्या मालासाठी २००६ पासून हँडलूम मार्कची खूण आहे. खऱ्या हिमरूवाल्याने तिचा उपयोग करून आपला माल यंत्रमागापासून वेगळा दाखवला पाहिजे. आपले हुनर खरे असेल तर ते सिद्ध करण्याचा कंटाळा करू नये.

महोत्सवाच्या आयोजकांना

दोन शब्द महोत्सव भरवणाऱ्यांसाठीही आहेत. कारागिराला मंडपात आणून कोपऱ्यात बसवायचे, उद्घाटनाला त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि गाळ्यांचे भाडे असे ठेवायचे की ते फक्त पुनर्विक्रेत्याला परवडावे, ही पद्धत बदलली पाहिजे. केंद्राच्या अल्पसंख्याक मंत्रालयाने २०१६ पासून काही वर्षे हुनर हाट भरवले, २०२२ साली ते मुंबईतही भरले. अशा मेळ्यांतून कारागिराला शहरातले गिऱ्हाईक दिसते, हे खरे. पण मेळा दहा-पंधरा दिवसांचा असतो आणि योजना सरकारबरोबर बदलत असतात. कारखाना मात्र वर्षाचे बारा महिने जागेवर असतो. म्हणून आयोजकांनी कारागिराला मंडपात बोलावण्यासोबत श्रोत्यांनाही कारागिराच्या दारात पाठवावे. कार्यक्रमपत्रिकेवर गायकांची नावे छापता, तेथेच खाली कोणत्या दिवशी कोणता कारखाना किती वाजता पाहता येईल हे दोन ओळींत छापा. याला फारसा खर्च नाही.

आणि ज्या तंबोऱ्याच्या सुरावर सारी मैफल उभी राहते, तो घडवणाऱ्याचे नाव व्यासपीठावरून एकदा उच्चारले गेले तर गायकाचे काही कमी होणार नाही.

सुरुवात लहानच करा

आम्ही फार मोठी योजना सुचवत नाही. पुढच्या उरुसाआधी गल्लीतल्या चार उस्तादांनी एकत्र बसावे. कोणी कोणत्या दिवशी दार उघडायचे, शुल्क सर्वांचे एकच किती ठेवायचे, एकमेकांचे भाव पाडायचे नाहीत, आणि कमिशन मागणाऱ्याला चौघांनीही एकच उत्तर द्यायचे, एवढे ठरवावे. घरातला जो मुलगा किंवा मुलगी कॉलेजात शिकते, तिच्याकडे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत समजावून सांगण्याचे काम द्यावे. बापाच्या कामाबद्दल परक्या माणसाला दहा वेळा समजावून सांगताना ते काम किती मोठे आहे हे त्या मुलांनाही कळते. चार पाहुणे आले तरी चालतील. हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि वर्षाअखेर चौघांनी ती पुन्हा उघडून बसावे.

हीच गोष्ट सोलापूरच्या चादरवाल्याने, कोल्हापुरी चप्पल शिवणाऱ्याने, बिदरी कामाच्या कारागिराने आपापल्या ठिकाणी करून पाहावी. फरीदसाहेबांच्या पिढीला तलवारीचे गिऱ्हाईक गेल्यावर तंबोऱ्याचे गिऱ्हाईक शोधावे लागले होते. आजच्या पिढीला गिऱ्हाईक शोधायला फार लांब जायचे नाही. उरुसाच्या दिवसांत ते गल्लीच्या तोंडाशी येऊन उभे राहते. त्याला आत बोलवा, बसवा, दाखवा, आणि दाम घेऊन पावती द्या.